आवाज न करणारा पंप

सोमवार, ३ तारीख

आज मला इतका राग आलाय की कुणाला तरी चार शब्द सुनावल्याशिवाय घास उतरायचा नाही. आणि घरातली माणसं शहाणी, सगळी गप्प बसली आहेत. म्हणून नवऱ्याला शाळेत मिळालेली कोरी डायरी काढली. ही उलटून बोलत नाही.

पुढच्या सोमवारपासून मी कामावर परत जाणार. लेक चार महिन्यांची झाली. तिला मी भुंगा म्हणते, कारण अंगावर पिताना ती एका सुरात गुणगुणते आणि पोट भरत आलं की तो सूर हळूहळू खाली येतो. सासूबाईंना हे नाव मुळीच पसंत नाही. "मुलीला भुंगा काय म्हणतेस गं," म्हणतात आणि मुद्दाम मोठ्यानं "ठकूताई" अशी हाक मारतात. दिवसभर ती त्यांच्यापाशी राहणार, मी स्टुडिओत. म्हणजे दूध काढून ठेवायला हवं, म्हणजे पंप हवा. एवढी सरळ गोष्ट.

नवरा आणि मी लहान मुलांच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलो. पाळणे, ढकलगाड्या, सशाचे कान लावलेल्या टोप्या, सगळं दिमाखात मांडलेलं. पंप मात्र कुठे दिसेना. "ब्रेस्ट पंप दाखवा," असं मी सरळ म्हटलं तर सेल्समनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते होय... ते आत असतं," म्हणाला, आणि काउंटरच्या खालून दोन खोकी काढून पालथी ठेवली, चित्र खाली करून. चोरीचा माल असावा तशी. मग माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या नवऱ्याला विचारतो, "साहेब, तुम्हाला कुठला हवाय?"

नवरा भूगोल शिकवतो. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, ही त्याची खोड. म्हणाला, "आम्हाला जरा पॉवरफुल हवा होता."

आम्हाला! लावायचा कुणाला आहे, आम्हाला?

मी म्हटलं, "चालू करून दाखवा."

"मॅडम, ते चालू करून कसं दाखवणार?"

"हवेत. मला आवाज ऐकायचाय."

"सील तोडता येत नाही मॅडम."

मिक्सर घेताना चालू करून दाखवतात. पंखा दाखवतात. मागच्या खेपेला याच दुकानात कुणाच्या तरी पोराला पिपाणी तीनदा वाजवून दाखवली होती. पण बाईच्या अंगाला लावायचं यंत्र म्हटलं की सील. मी तरातरा बाहेर पडले. नवरा मागून "अगं, त्याचंही बरोबर आहे" म्हणाला. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

आवाजाची चौकशी मी हौस म्हणून करत नव्हते. मी डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. परदेशी मालिका येतात, आमचे कलाकार काचेच्या खोलीत उभे राहून पडद्यावरच्या ओठांशी आपले शब्द जुळवतात आणि काचेच्या अलीकडे मी बसते. शेजारच्या खोलीत कुणी बांगड्या वाजवल्या तरी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतात. तिथं मी घरघरणारं यंत्र घेऊन जाणार कशी? हे त्या लाल पाळ्यांना कोण सांगणार!

मंगळवार, ४ तारीख

खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंनी त्यांचा जुना हातपंप पाठवला. दांडा दाबायचा, सोडायचा. आयत्या मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, पण याचं रबर कडक झालंय, आणि दर दाबाला तो कुरकुरतो. थोडा वेळ ऐकलं की चक्क बोलतो. "कशाला, कशाला, कशाला." मनगट दुखून आलं, बाटलीचा तळ कसाबसा ओला झाला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या वेळी ना—"

मी म्हटलं, "आई, तुमच्या वेळचं राहू द्या. तुमच्या वेळी पंप नव्हते."

"नव्हते," म्हणाल्या आणि गेल्या.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. अजून फोन उचलला की "हॅलो" म्हणत नाहीत, "बोला" म्हणतात. पण घरात त्यांना बोलायला कारण लागत नाही, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझ्या वेळी." मला आत्ता माझी वेळ निभवायची आहे.

शुक्रवार, ७ तारीख

पंप मिळाला! औषधांच्या दुकानातली बाई भली निघाली. तिच्याकडे दाखवण्यासाठी ठेवलेले तीन पंप होते. मी म्हटलं, "मी डोळे मिटते, तुम्ही एकेक चालू करा." ती हसली, पण केलं तिनं.

पहिला कण्हत होता. दुसऱ्याचं काहीतरी आत सैल होतं, खडखड. तिसरा मात्र नुसता श्वास. मी कान अगदी जवळ नेला तेव्हा कुठे मोटर कळली. "हाच," मी म्हटलं.

ती म्हणाली, "ताई, कपाचं माप बघून घ्या आधी. छातीला लावायचा कप सगळ्यांना सारखा बसत नाही. आणि ओढ कमी-जास्त—"

"आवाज ओढ वाढवल्यावर वाढतो का, तेवढं सांगा."

"नाही वाढत."

"मग झालं तर."

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं की याला लोकांनी किती स्टार दिलेत. मी म्हटलं, तू नद्यांची लांबी शिकव. सासूबाईंनीही पंप चालू करायला लावला, मान तिरकी करून ऐकला आणि म्हणाल्या, "फारच गप्प आहे गं हा." आता यंत्रानं त्यांच्याशी गप्पा मारायला हव्यात का?

सोमवार, १० तारीख

पहिला दिवस. लिहायला बसले ती रागानंच.

सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, "कालची ओढणी धुवायला टाकू नकोस, मला हवी आहे." माझी घामट ओढणी! कशाला हवी, विचारलं तर म्हणे, "असू दे गं." फरशी पुसायला घेतली असेल. देऊन टाकली.

आमच्या मालकांना सगळे मागून एकोणीसवीस म्हणतात. कुठलाही फसलेला टेक ऐकला की ते म्हणतात, "एकोणीस-वीसचा फरक आहे, चालतं." मी त्यांना विचारलं, दूध काढायला जागा कुठली? त्यांनी आधी छताकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाले, "बाथरूम आहे की."

"तुम्ही डबा खाता का बाथरूममध्ये?"

"तसं नाही हो..."

"माझ्या मुलीचा डबाच भरायचाय."

पण शेवटी बाथरूममध्येच गेले, कारण दुसरी जागा नव्हती. कमोडचं झाकण पाडून बसले. बाहेर कुणीतरी कडी हलवत होतं. पंप बिचारा एकदम शांत, पण दूध येईना. ओढ वाढवली, आणखी वाढवली, डोळ्यात पाणी आलं तेवढं आलं. बाटलीत चमचाभर.

वर दुपारी नेमका सासूबाईंचा फोन. मी रेकॉर्डिंगमध्ये, फोन गप्प करून ठेवलेला. उचलला नाही तर त्यांनी आवाजाचा निरोप पाठवला. घाईत लावून बघितला, नुसती खुडबुड आणि खरखर. चुकून बटण दाबलं गेलं असणार. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, आईंना फोन नीट बंद करायला शिकव.

बुधवार, १२ तारीख

जागा सापडली, आणि ती मी कुणाला विचारून घेतलेली नाही. कलाकार जिथं उभे राहून बोलतात ती काचेची खोली, म्हणजे बूथ. जेवणाच्या सुट्टीत रिकामाच असतो. काचेवर मी आवाज शोषायचं जाड पांघरूण टाकलं, दारावरचा लाल दिवा लावला. लाल दिवा लागला की आमच्याकडे देव आला तरी बाहेर थांबतो. एकोणीसवीस बाहेरून म्हणताना ऐकले, "बघा, सुट्टीतसुद्धा काम करतेय."

शांत, गार, कडी लावलेली खोली. तरी दूध फारसं नाही. सकाळी भुंगाला पाजताना ती गुणगुणली की माझं दूध दुसऱ्या बाजूनं आपोआप गळतं, कपडे भिजतात. आणि इथं, सगळी सोय केल्यावर, रुसून बसलंय.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अंग पान्हा चोरतंय तुझं." म्हणजे मी गाय! गोठा तेवढा बांधायचा राहिलाय.

त्यांचे खरखरीचे निरोप चालूच आहेत, रोज दुपारी जेवणाच्या वेळी. मी उघडत नाही. दिवसभर कानात आवाजच भरलेले असतात, सुट्टीत आणखी कोण ऐकणार?

शुक्रवार, १४ तारीख

आजचा दिवस माझ्या नोकरीतून फाडून टाकता आला असता तर बरं झालं असतं.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादांच्या मधल्या फटीत ती शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला खड्डा लागतो. म्हणून रिकाम्या बूथमध्ये माईक उघडा ठेवून आम्ही नुसती शांतता रेकॉर्ड करतो. आज सकाळी मी ते करत होते. तेवढ्यात एकोणीसवीसनी हाक मारली, मी उठले, आणि माईक तसाच राहिला. हे माझ्या हातून झालं. नवशिका करतो ती चूक.

सुट्टीत बूथमध्ये शिरले, लाल दिवा लावला, पंप लावला. पलीकडच्या खोलीत एकोणीसवीस नव्या मालिकेच्या पाहुण्यांना घेऊन लवकर आले. आणि तिथल्या मोठ्या स्पीकरवर माझा आवाज न करणारा पंप घुमायला लागला. माझ्या महागड्या माईकपासून हातभर अंतरावर होता तो. वर माझी बडबड. "ये ना गं बाई. आटलीस का भवाने? ये की मुकाट्यानं!"

पाहुणे म्हणाले, "तुमच्या एसीचं काहीतरी बिघडलंय."

एकोणीसवीसनी दार वाजवलं. मी बाटली हातात धरूनच बाहेर आले. लपवायचं कशाला? पाहुणे छताकडे बघू लागले. ते गेल्यावर एकोणीसवीस म्हणाले, "अहो, बूथ रेकॉर्डिंगसाठी आहे."

मी म्हटलं, "तुम्ही त्याच बूथमध्ये दुपारी घोरता, त्याचंही रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

हे बोलायला नको होतं बहुतेक. ते गोरेमोरे झाले. मग थंडपणे म्हणाले की महिनाअखेरीला नवी मालिका सुरू होतेय, दिवसभर सलग बसावं लागेल, मला जमत नसेल तर त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डिस्टशी बोलून ठेवलंय. माझी खुर्ची, माझी लावून ठेवलेली बटणं. दहा वर्षांत या माणसाच्या किती एकोणीसचे मी वीस केले!

मला हे काम सोडायचं नाही. घरी कुणाला हे असं म्हणून दाखवत नाही, इथं लिहिते. मला कान लावून बसायला आवडतं. मी त्यात चांगली आहे.

शनिवार, १५ तारीख

भुंगाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन हवं तसं वाढत नाहीये. म्हणाल्या, दुपारचं दूध कमी पडतंय, पावडरचं सुरू करा. सरळ, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सनं मात्र मला पडद्याआड नेलं, पिशवीतला पंप लावून दाखवायला सांगितला आणि माझी अवस्था बघून कपाळाला हात लावला. "अहो, हा कप तुम्हाला केवढा मोठा होतोय! आणि ओढ एवढी कशाला? हा काय विहिरीचा पंप आहे का?" तिनं लहान मापाचा कप दिला. सुरुवातीला हलकी, भराभर ओढ आणि दूध सुटलं की मग संथ, खोल, हे शिकवलं. औषधांच्या दुकानातली बाई हेच सांगत होती. मग जरा जोरात सांगायचं होतं!

येताना पावडरचा डबा आणला. स्वयंपाकघरात मी डबा उघडला आणि सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर निघून गेल्या. नाकाला पदर लावून! मी काय विष कालवत होते? म्हणजे सुनेला धड दूध नाही, हे तोंडानं न बोलता दाखवायचं. बोलल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

मंगळवार, १८ तारीख

नव्या कपानं दुखत नाही. दूध मात्र तेवढंच. पावडर भुंगा जिभेनं बाहेर ढकलते, बळजबरी केली की भडाभडा ओकते. माझं बाटलीतलं थोडंफार जे असतं ते मात्र सासूबाईंच्या हातून घेते, त्यांच्या मांडीवर, माझ्या ओढणीत गुंडाळून. ओढणी फरशीला नव्हती तर. दुपट्याचा दुष्काळ पडल्यासारखं माझीच ओढणी का, ते त्यांना ठाऊक.

बूथ बंद झालेला नाही. एकोणीसवीस तोंडानं हो म्हणत नाहीत, नाही म्हणायला घाबरतात. पण महिनाअखेर आलीच.

आज नवऱ्याला म्हटलं, मी सोडते नोकरी. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला त्याचा इतका राग आला! "नको सोडूस" असं एकदा तरी म्हणायचं. संध्याकाळी बघते तर ओट्याशी उभा राहून पंपाचा एकेक भाग धुऊन फडक्यावर मांडत होता, झडपेचं नखाएवढं रबरसुद्धा. मी आल्या आल्या भुंगाला घेऊन बसते, तेवढ्यात हे तो रोज करतो, हे आज कळलं. तरी राग आहेच.

गुरुवार, २० तारीख

आज जे झालं त्यानं मी चक्रावले आहे.

आमच्याकडे एक बाळबाई आहेत. पंचावन्नच्या, जाड चष्मा, गुडघे दुखतात. मालिकेतली सगळी तान्ही मुलं त्या रडतात. मूठ तोंडाशी धरतात, गाल आत ओढतात, आणि असं रडतात की रस्त्यावरच्या बायका वर बघतील. आज एका जहाजावर जन्मलेल्या बाळाचा प्रसंग होता. मी कानांवर हेडफोन चढवले, खूण केली, त्यांनी टाहो फोडला.

आणि माझा पान्हा फुटला. भसकन. मला काही कळायच्या आत कुर्ता पोटापर्यंत भिजला.

पंचावन्न वर्षांच्या बाईच्या खोट्या रडण्याला! माझ्या पोरीसाठी इतके दिवस हात जोडतेय, तेव्हा चमचाभर. आणि इथं गुडघ्याला पट्टा बांधलेलं बाळ रडलं तर नळ सुटला. माझंच अंग, माझ्यावरच उलटलेलं. मी फाइल छातीशी धरून बसले. टेक उत्तम होता, तरी म्हटलं, "बाळबाई, अजून एकदा." पुन्हा तेच. बाळबाईंनी काचेतून बघितलं, सगळं ओळखलं आणि सुट्टीत आपली शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली.

"माझ्या रडण्यानं पोटं भरली आजवर, पण माझंच," म्हणाल्या. "दुसऱ्याचं पहिल्यांदाच."

म्हणजे पंप वाईट नव्हता. कपही नाही, जागाही नाही. अंगाला बाळ ऐकायला हवंय. आवाज न करणारा पंप मी शोधून शोधून आणला, आणि अंग नेमक्या आवाजासाठी अडून बसलंय. एवढा संताप आलाय, पण करू कुणावर, ते कळत नाही.

शुक्रवार, २१ तारीख

रात्रभरात अक्कल लढवली होती. बाळबाईंचं कालचं रडणं फोनवर घेतलं, हेडफोन लावले, लाल दिवा, पंप, सुरू. थोडं दूध आलं आणि थांबलं. पुन्हा लावलं, काही नाही. अंग एकदा फसलं, दुसऱ्यांदा त्यानं बाळबाईंना ओळखलं. मी तशीच बसून होते, कप छातीला आणि पंप आपला संथ श्वास घेतोय.

तेवढ्यात फोन थरथरला. सासूबाईंचा रोजचा निरोप. बंद करायला बोट लावलं ते चुकीच्या जागी पडलं, आणि हेडफोनमध्ये ती खरखर सुरू झाली.

खरखर नव्हती ती. पहिल्या दिवशी मी घाईत, फोनच्या चिमूटभर स्पीकरवर, तेही सुरुवातच ऐकली होती. हेडफोनमध्ये आज सगळं नीट उलगडलं. कापडाची सळसळ, म्हणजे माझ्या वासाची ती ओढणी. मग बाटलीच्या बुचाचा बारीक आवाज. पंखा बंद केलेला, खिडकी लावलेली, रस्ता ऐकू येत नव्हता. फोन भुंगाच्या तोंडापासून अर्ध्या वितीवर धरलेला, ना जवळ ना लांब. मी स्वतः माईक लावला असता तर तिथंच लावला असता. आणि मग भुंगा गुणगुणायला लागली. तोच सूर. धरणारीनं श्वास रोखून धरला होता, मधे एकदाच हळूच सोडला.

दूध आलं. पंप ओढत होता आणि धार बाटलीत वाजत होती, ती मला हेडफोन असूनही ऐकू आली. सूर खाली उतरत गेला आणि निरोप संपला. मी मागचा लावला. त्याच्या मागचा. पार पहिल्या दिवसापर्यंत. एकाही निरोपात सासूबाईंचा एक शब्द नाही. ज्या बाईला बोलायला कारण लागत नाही तिचा एक शब्द नाही.

बाटली भरली. दुसरी लावली. मी रागानं रडले असं लिहिणार होते. रागानं नाही रडले.

बाहेर आले तर एकोणीसवीस दारातच. म्हणाले, नव्या मालिकेचं काय ठरवलंत? मी म्हटलं, करणार. दिवसातून दोनदा लाल दिवा लागेल, तुमच्या चहाला लागतो तेवढाच वेळ. ते तोंड उघडणार तोच मागून बाळबाई म्हणाल्या, "नव्या मालिकेत जुळी आहेत म्हणे. दुसरा रेकॉर्डिस्ट आणलात तर मी रडणार नाही हं. एकही नाही, दोन्हीही नाही."

एकोणीसवीस म्हणाले, "अहो, दोनदा काय नि तीनदा काय... एकोणीस-वीसचा फरक."

शनिवार, २२ तारीख

आज सुट्टी. दुपारी भुंगा झोपल्यावर सासूबाईंसमोर जाऊन बसले. त्या तिची झबली घडी करत होत्या. मी आभार मानायला गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "आई, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की. 'माझ्या वेळी' म्हटलं की तू उठून जायचीस."

"मग आता सांगा. मी नाही उठत."

त्या थोडा वेळ झबल्याच्या नाड्या सरळ करत बसल्या. मग सांगितलं. माझा नवरा तीन महिन्यांचा असताना त्या कामावर परत गेल्या. बाळ शेजारणीकडे. शेजारणीकडे फोन होता. दुपारी फोन जोडायच्या बोर्डावर गर्दी कमी झाली की त्या शेजारणीची लाइन जोडायच्या. ती बाळाला फोनशी धरायची. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचं हुंकारणं ऐकलं की पान्हा फुटायचा. मग मागच्या खोलीत जाऊन हातानं दूध काढायचं, झाकणाच्या भांड्यात, आणि शिपाईबाई घरी जाताना पोचवायची.

"मग?"

"मग सुपरवायझरनं पकडलं. सरकारी लाइनवर खासगी गप्पा, म्हणाला. मी म्हटलं, साहेब, गप्पा नाहीत, तो अजून बोलत नाही. त्यानं सगळ्या मुलींसमोर हसून मला बोर्डावरून उठवलं आणि तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथून लाइन जोडता यायची नाही." त्यांनी घडी केलेलं झबलं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घातली घडी. "थोड्याच दिवसांत आटलं माझं. मग पावडर. तुझा नवरा पावडरवर वाढला. चांगला वाढला हो, त्याचं काही नाही. पण तो डबा उघडला ना, की त्या वासानं मला अजून ते टेबल दिसतं."

नाकाला लावलेला पदर माझ्या डोळ्यांसमोर आला.

"म्हटलं, निदान तुझं आटू नये," त्या म्हणाल्या. "बोलून तुला पटेना. म्हणून नुसतं जोडून देत होते."

मी उठले, पावडरचा डबा फडताळातून काढला आणि खाली जाऊन जाऊबाईंच्या मांजराला देऊन आले. मांजरानं हुंगून तोंड फिरवलं. वर आले तरी अंगाची आग होत होती. पण आजचा राग वेगळाच. इतके दिवस या वहीत मी सेल्समनवर चिडले, नवऱ्यावर, एकोणीसवीसवर, पंपावर, सासूबाईंवर तर रोजच. आणि ज्याच्यावर चिडायला हवं होतं तो माणूस माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी खुर्चीत बसून हसत होता, आणि त्याला कुणी काही बोललं नाही.

"तो सुपरवायझर राहायचा कुठे?" मी विचारलं.

"अगं, आता काय त्याचं! म्हातारा होता तेव्हाच. गेला असेल."

"नाव काय त्याचं?"

"ठकूताई उठेल, हळू बोल."

"आई, नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. वर कुठल्या गल्लीत राहायचा, घराला कुठला रंग होता आणि फाटक कसं करकरायचं, तेही सांगितलं. इतक्या वर्षांत काही म्हणून विसरल्या नव्हत्या. उद्या रविवार. सकाळी भुंगाला पाजून झालं की आम्ही दोघी जाणार आहोत. तो नसेल तर त्याच्या घरच्यांना सांगून येऊ.